काओनिक हीलियमचे क्ष-किरण मोजण्याची कृती

हीलियमच्या अणूत इलेक्ट्रॉनऐवजी काओन नावाचा ऋणभारित कण फिरू लागला की काओनिक हीलियम तयार होतो. काओन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ९६६ पट जड. म्हणून तो केंद्रकाच्या अगदी जवळ पोचतो आणि तिथल्या तीव्र बलामुळे त्याच्या क्ष-किरणांची ऊर्जा किंचित सरकते. हे सरकणे मोजायला सिलिकॉनचा शोधक अपुरा पडतो. ६,००० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषेलाच तो दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास रुंदी देतो. जपानमधल्या जे-पार्क या प्रवेगक केंद्राच्या ई-६२ प्रयोगात २०१८ साली हे काम अतिवाहक शोधकाने झाले. त्याची ही कृती.

साहित्य: २४० पिक्सेलचा टीईएस हा अतिवाहक शोधक (मॉलिब्डेनम-तांब्याचा पातळ थर, वर बिस्मथचा शोषक), चुंबकीय शीतक, स्क्विड (अतिसंवेदनशील चुंबकमापक), काओनांचा झोत, द्रव हीलियमचे लक्ष्य (हीलियम-३ किंवा हीलियम-४ या समस्थानिकाचे), क्ष-किरण नळी, क्रोमियम, कोबाल्ट आणि तांबे.

१. शोधक ७० मिलिकेल्विनपर्यंत थंड करा. चुंबकीय शीतक ठरावीक काळाने पुन्हा ‘भरावा’ लागतो. ते काम झोत बंद असताना उरका. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत कथिलाच्या बोलोमीटरसाठी आहे तसा डायल्यूशन रेफ्रिजरेटर असेल, तर थंडावा अखंड मिळतो.

२. बायस देऊन थर सामान्य आणि अतिवाहक अवस्थांच्या सीमेवर, सुमारे १०० मिलिकेल्विनला ठेवा. इथे क्ष-किरणाच्या एका फोटॉनच्या उष्णतेनेही रोध झपाट्याने वाढतो आणि प्रवाह घटतो. ही घट स्क्विड टिपतो.

३. झोत चालू असतानाच क्ष-किरण नळीने तिन्ही धातू चमकवत राहा. क्रोमियमची रेषा ५,४१५ इलेक्ट्रॉनव्होल्टला, कोबाल्टची ६,९३०ला, तांब्याची ८,०४८ला. काओनिक हीलियमची हवी ती रेषा यांच्यामध्येच पडते. कॅलिब्रेशन आधी करून ठेवले तर चालत नाही. झोतातले कण शोधक तापवतात आणि मोजपट्टीच सरकते.

४. झोतातल्या काओनांचा वेग कमी करून त्यांना हीलियममध्ये थांबवा. काओन थांबल्याच्या क्षणाशी जुळणारे सिग्नलच ठेवा, बाकीचे गाळा.

५. शोधकाभोवती पोलाद टाळा. त्यातल्या लोखंडाची रेषा ६,४०४ला येते, काओनिक हीलियम-४च्या रेषेला जवळजवळ खेटून.

६. प्रत्येक पिक्सेलचे कॅलिब्रेशन स्वतंत्रपणे करा, मगच सगळ्यांची बेरीज करा.

ई-६२मध्ये हीलियम-३ची रेषा ६,२२४.५ आणि हीलियम-४ची ६,४६३.७ इलेक्ट्रॉनव्होल्टला मिळाली. अनिश्चितता अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत राहिली. जुन्या प्रयोगांत दिसलेले चाळीस इलेक्ट्रॉनव्होल्टचे सरकणे इथे कुठेच नव्हते.