पुराच्या पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर, सांगली भागातील अनेक गावांना वेढले. अशा वेळी माणसे व जनावरे आधी हलवावी लागतात. ट्रॅक्टर बहुधा शेडमध्येच राहतो. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून पाहण्याचा मोह होतो. नेमके तेच करू नये.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये थोडे पाणी असले तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करणे तर त्याहून घातक. विमा असल्यास फोटो काढून कंपनीला आधी कळवावे. पाणी असताना इंजिन फिरवून झालेले नुकसान कंपन्या बहुधा नाकारतात.

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. पाणी कुठवर चढले होते हे चिखलाच्या रेघेवरून कळते. रेघ एअर क्लीनरच्या तोंडाखाली असेल तर सिलिंडर बहुधा बचावतात, पण गिअर बॉक्स बचावलाच असे नाही.

तेल दुधाळ दिसले की पाणी मिसळले, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु इंजिन फिरलेच नसेल तर पाणी तळाशी बसते, वर स्वच्छ तेल दिसते, फक्त पातळी वाढलेली असते. म्हणून ड्रेन प्लग सैल करून पाहावा. पाणी असल्यास तेच आधी येते. डिझेल टाकीचेही तसेच.

पाणी आत गेले असल्यास एअर क्लीनर साफ करून इंजेक्टर काढावेत व फ्लायव्हील हाताने फिरवावे. पाणी उडून बाहेर पडते. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवावे. इंजेक्टर बसवून, नवे तेल व फिल्टर घालून, डिझेल लाइनमधील हवा काढून इंजिन १५ ते २० मिनिटे बिनभाराने चालवावे आणि ते तेल गरम असतानाच काढून टाकावे. नवे तेल टाकून देणे जिवावर येते, पण उरलेले पाणी त्याच्याबरोबरच निघते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे ट्रॅक्टर मात्र घरी उघडू नयेत, जाणकार मेकॅनिककडे न्यावेत.

गिअर बॉक्स व हैड्रोलिकचे तेल बदलावे, पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरावे. क्लच व ब्रेकमध्ये गाळ अडकतो. ट्रॉली जोडण्यापूर्वी मोकळ्या रानात ब्रेक तपासावेत.