नवा ग्लोव्ह एवढा ताठ का असतो?

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीत असतो. वय अकरा. लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो, चेंडू उजव्या हाताने फेकतो. यंदा वाढदिवसाला त्याला चामड्याचा चांगला ग्लोव्ह घेऊन द्यायचं माझ्या मनात आहे. सून म्हणते, उत्तम ग्लोव्ह अडीचशे-तीनशे डॉलरला पडतो आणि तरीही नवा असताना इतका ताठ असतो की मुलाला तो मिटतासुद्धा येत नाही. मग एवढे पैसे कशाचे? आणि नव्या कोल्हापुरीला आम्ही तेल पाजायचो, तसं याला पाजलं तर चालेल का?
– एक आजी, पुणे

उत्तर : आजी, तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा, मग बाकीचं सावकाश बोलू.

कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ते कोरडं असतं, म्हणून तेल मागतं. बेसबॉलच्या ग्लोव्हचं चामडं बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांनी कमावतात आणि त्याला लागणारी तेलं, चरबी टॅनरीतच मुरवलेली असते. त्यावर आपण आणखी तेल ओतलं की ते तंतूंमध्ये साठत जातं. चार दिवस ग्लोव्ह मऊसूत वाटतो. मग तो जड होतो, बोटं मान टाकतात, वाद्या सैल पडतात आणि मैदानावरची सगळी माती त्याला चिकटते. जास्त तेल प्यायलेला ग्लोव्ह पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

आता ताठपणाबद्दल. सुरुवातीला हा खेळ नुसत्या हातांनीच खेळत. शिकागोच्या संघातून खेळणाऱ्या अल्बर्ट स्पाल्डिंगने १८७७ साली उघडपणे काळा ग्लोव्ह घातला, तेव्हापासून ग्लोव्ह घालण्यातला संकोच कमी होत गेला. पण ते ग्लोव्ह म्हणजे हात शेकू नये म्हणून केलेली गादी होती. खरा बदल १९२०च्या सुमारास झाला. सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, बिल डोक याने रॉलिंग्ज कंपनीला सुचवलं की अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्यांची जाळी विणा. त्या जाळीमुळे चेंडू बसायला खोलगट जागा तयार झाली. हात वाचवणारी वस्तू झेल पकडणारी झाली ती तेव्हापासून. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. तो जोरात येऊन जाळीच्या बुडाशी आदळला तरी ग्लोव्हची बोटं उलटी पडता कामा नयेत. त्यासाठी जाड, भरीव चामडं लागतं. बैलाच्या कातड्याचं चामडं सगळ्यात दणकट आणि सगळ्यात हट्टी. कोवळ्या जनावराचं, ज्याला तिकडे ‘किप’ म्हणतात, ते पातळ, हलकं आणि जास्त तलम. स्वस्त ग्लोव्ह दुकानातच मऊ लागतो, कारण त्याचं चामडं पातळ असतं आणि ते आधीच तेलाने मऊ केलेलं असतं. त्याचा आकार लवकर बसतो आणि लवकर मोडतोही. जाड चामड्याला खेळाडूच्या हाताचं वळण लागायला वेळ लागतो, पण एकदा लागलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. विल्सन कंपनीचा ‘ए२०००’ हा ग्लोव्ह १९५७ साली बाजारात आला आणि आजही त्याच नावाने विकला जातो. मोठ्या किमतीत तुम्ही पैसे मोजता ते या टिकाऊपणाचे.

तरीही माझं स्पष्ट मत सांगते : अकरा वर्षांच्या मुलाला तीनशे डॉलरचा ग्लोव्ह घेऊ नका. त्याच्या हातात तो मिटवण्याइतकी ताकद अजून आलेली नाही. मिटत नसलेल्या ग्लोव्हमधून चेंडू उसळून बाहेर पडतो, मुलगा घाबरतो आणि दोन्ही हातांनी चेंडू दाबून धरायची सवय लागते. शिवाय दोन वर्षांत त्याचा पंजा वाढणार. खऱ्या चामड्याचा, मधल्या किमतीचा ग्लोव्ह घ्या. महागडा ग्लोव्ह पंधरा-सोळाव्या वर्षी, तेव्हाही खेळाची ओढ तेवढीच असेल तर.

माप बोटाच्या टोकापासून मोजतात : पहिल्या बोटाच्या शेंड्यापासून आतल्या खोलगट भागातून खाली मनगटाजवळच्या कडेपर्यंत. त्याच्या वयाला अकरा ते साडेअकरा इंच पुरे. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून मोठा घ्यायची आपली सवय इथे नडते. मोठ्या ग्लोव्हमध्ये चेंडू शोधण्यातच वेळ जातो. इनफिल्डला, म्हणजे फलंदाजाच्या जवळच्या भागात, खेळणाऱ्यांचे ग्लोव्ह लहान आणि उथळ असतात, कारण चेंडू पकडल्याबरोबर काढून फेकायचा असतो. आउटफिल्डला, म्हणजे लांबच्या भागात, साडेबारा इंचांच्या आसपासचे, खोल. पिचर घट्ट विणीची जाळी पसंत करतो, म्हणजे बोटांची पकड फलंदाजाला दिसत नाही. नातू कुठे उभा राहतो ते विचारा. लहान वयात मुलांना सगळीकडे फिरवतात, त्यामुळे बहुधा ‘सगळीकडे’ असंच उत्तर येईल. तसं असेल तर साडेअकरा इंची घ्या.

आणि एक गोष्ट सुनेला फोनवर नक्की सांगा. दुकानात ‘राइट हँड थ्रो’ लिहिलेला ग्लोव्ह मागायचा, तो घालायचा मात्र डाव्या हातात. उजवा हात फेकायला मोकळा लागतो. फलंदाजी डावखुरी असली तरी यात फरक पडत नाही. भेटवस्तू म्हणून घेतलेले ग्लोव्ह या एका गोंधळापायी परत करावे लागतात. खरं तर वस्तू गुपचूप आणण्यापेक्षा नातवालाच दुकानात न्यायला सांगा. हात आत घालून बोटं टोकापर्यंत जातात का, आतलं अस्तर कुठे टोचतं का, मनगटाचा पट्टा बसतो का आणि मुख्य म्हणजे थोडा जोर लावून त्याला तो मिटवता येतो का, हे त्याच्याच हाताला कळणार.

नवा ग्लोव्ह तयार करायचा उत्तम मार्ग म्हणजे झेल. बाबांनी रोज संध्याकाळी अंगणात चेंडू टाकायचा, मुलाने पकडायचा. महिनाभरात फरक दिसतो. ज्या दिवशी खेळणं होणार नाही, त्या दिवशी अंगठ्याचा आणि करंगळीचा, असे ग्लोव्हचे दोन सांधे हाताने मागे-पुढे वाकवावेत आणि गोल डोक्याच्या लाकडी मॅलेटने चेंडू बसतो तिथे ठोकावं. ती जागा नेमकी पहिल्या बोटाच्या मुळाशी, जाळीच्या खालच्या कडेला येते. तळव्याच्या मधोमध ठोकू नये, नाहीतर पुढे प्रत्येक झेल हाताच्या हाडावर लागेल. रात्री त्या जागी चेंडू ठेवून ग्लोव्ह सैलसर बांधून ठेवावा. गादीखाली दाबून ठेवला तर तो सपाट होतो आणि चेंडूला बसायला जागाच उरत नाही. ओव्हन, मायक्रोवेव्ह, गरम पाण्याची बादली असले झटपट उपाय मुलं एकमेकांना सांगतात. उष्णतेने चामड्यातला ओलावा आणि तेल निघून जातं, वाद्या ठिसूळ होतात. यातलं काहीही करू देऊ नका.

पुढची निगा फार नाही. खेळून आल्यावर कोरड्या फडक्याने माती पुसायची. चामड्याचं कंडिशनर मोसमात एक-दोनदा, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, आणि तेही फडक्यावर घेऊन. उन्हाळ्यात मोटारीच्या डिकीत ग्लोव्ह विसरायचा नाही. पावसात भिजला तर टिपून घ्यायचा, आत चेंडू ठेवायचा आणि हीटरपासून लांब, वाऱ्यावर वाळू द्यायचा.

प्रश्न : मी शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते. पावसाळ्यात ग्लोव्हला पांढरी बुरशी येते. काय करू? दादाचा बेसबॉलचा जुना ग्लोव्ह वापरला तर चालेल का?
– इयत्ता नववी, कोल्हापूर

उत्तर : आधी दादाच्या ग्लोव्हबद्दल. बेसबॉलच्या चेंडूचा घेर नऊ इंचांच्या आसपास, तुझ्या सॉफ्टबॉलचा बारा. लहान ग्लोव्हच्या खोलगट भागात तो नीट बसणार नाही. सरावाला वाटलं तर घे, सामन्यात नको.

बुरशी घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडून टाक. मग पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर मिसळ, त्यात फडकं बुडवून घट्ट पीळ आणि ग्लोव्ह हलक्या हाताने पूस. पंख्याखाली पूर्ण वाळू दे, कडक उन्हात ठेवू नकोस. पावसाळा संपेपर्यंत तो प्लास्टिकच्या पिशवीत भरू नकोस. सुती पिशवीत, आत चेंडू ठेवून, हवा लागेल अशा जागी टांग. घामेजलेला ग्लोव्ह तसाच किटबॅगेत कोंबलास तर बुरशी पुन्हा येणारच.

वाद्या आधी झिजतात आणि तुटतात, चामडं त्यानंतरही बराच काळ चांगलं राहतं. म्हणून एखादी वादी तुटली तर ग्लोव्ह टाकून देऊ नकोस. ती कुठल्या भोकातून कुठे गेली आहे याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेव आणि चांगल्या चांभाराकडे जा. तेवढ्याच रुंदीची नवी वादी तो ओवून देईल.