घट आधी ठरव

पोरी, मसाल्याचा धंदा काढतेस आणि गल्लीतल्या बायकांना घरबसल्या काम देणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. पण मिरची घरी नेली आणि कोणी थोडी काढून ठेवली तर, ही धास्ती तुझ्या मनात आहे, असंही ती म्हणाली. जन्मभर किराण्याचं दुकान चालवलेल्या मामाचं त्यावर थोडं ऐक.

लिज्जत पापडाचं बघ. 1959 साली गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे काम वाढलं तशा बायका मळलेलं पीठ घरी नेऊन पापड लाटू लागल्या. घरात त्यांच्यावर पहारा ठेवायला कोण जाणार? पीठ देताना वजन करायचं, पापड घेताना तपासून वजन करायचं आणि मजुरी चोख द्यायची, एवढ्यावर ते उभं राहिलं.

तुलाही तेच करायचंय, पण त्याआधी एक काम कर. पहिली 5 किलो मिरची स्वतः वाळव, देठ काढ, दळून आण. वजन किती उतरतं ते बघ. उन्हात ओल जाते, देठांचं वजन जातं, थोडी पूड गिरणीत राहते. ही घट ठाऊक नसली की सरळ बाईही चोर वाटू लागते. म्हणून मोजलेली घट बायकांना सांग, त्यांचं म्हणणं ऐक आणि सगळ्यांनी मिळून आकडा ठरवा. पावसाळ्यात तो पुन्हा बघा. प्रत्येकीला वही दे. तुझ्या वहीत जे लिहिशील तेच तिच्यासमोर तिच्या वहीत लिही.

माल देणाऱ्या व्यापाऱ्याला पैशाची तारीख दिलीस तर ती पाळ. जमणारच नसेल तर तारीख उलटायच्या आत फोन कर. त्याचा तुझ्यावर भरवसा बसला, की ‘ताई, आजचा माल ओला आहे, दोन दिवस थांबा,’ असं तो आपणहून सांगतो. ओली मिरची काट्यावर जास्त भरते आणि पोत्यात बुरशी धरते. ही अडचण डोळ्यांना पटकन दिसत नाही, माणूसच सांगतो.

घरातही हेच. गुंतवलेली रक्कम आणि डोक्यावरची उधारी जावईबापूंपासून लपवू नकोस. कर्ज उशिरा कळलं की कर्जापेक्षा लपवणंच जास्त लागतं.

एवढं करूनही कधी कोणाचं वजन फारच कमी भरलं, तर चारचौघींत बोलू नकोस. तिला एकटीला बोलव, आधी काटा तपास, मग विचार. घरात आजारपण असेल, सासू पैसे काढून घेत असेल. कारण कळल्याशिवाय शिक्का मारू नकोस. चोरी असलीच, तर तिचं काम थांबव आणि झालेली मजुरी पूर्ण दे. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायकांना मिरची नेहमीसारखीच दे, त्यांच्या पिशव्या उघडून बघू नकोस.