एका संगणकात तीन संगणक

रत्नागिरी शहराचा पिनकोड ४१५६१२ आहे, चिपळूणचा ४१५६०५ आणि साताऱ्याचा ४१५००१. आता राजापूरचा पाहा : ४१६७०२. कोल्हापूरचा आहे ४१६००१. या आकड्यांतली एक गंमत तुमच्या लक्षात आली का? सातारा सह्याद्रीच्या पलीकडे, तरी त्याचे पहिले तीन अंक रत्नागिरीसारखेच. राजापूर मात्र रत्नागिरी जिल्ह्यातलाच तालुका असून कोल्हापूरच्या गटात जाऊन बसला आहे!

पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. ती आखणारे डाक खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणात जन्मलेले आणि संस्कृतचे कवी होते. पिनकोडचे पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा गट सांगतात आणि शेवटचे तीन अंक त्या गटातले पोस्ट ऑफिस. पत्र कोणत्या थैलीत टाकायचे हे गटाच्या अंकांवरून ठरते. मधे डोंगर आहे की खाडी, हे त्या अंकांना ठाऊक नसते.

संगणकांच्या नेटवर्कमध्येही शेजार असाच आकड्यांनी ठरतो. एका टेबलावरचे दोन संगणक एकमेकांना अनोळखी असू शकतात आणि दूरच्या दोन गावांतले संगणक एकाच गटात असू शकतात. हे स्वतः पडताळून पाहायला फार साहित्य लागत नाही. एकच संगणक पुरतो, कारण त्याच्या पोटात आणखी दोन संगणक तयार करता येतात.

यजमान आणि पाहुणे

जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडे राहत. विहीर एक, अंगण एक, पण प्रत्येकाची चूल वेगळी. संगणकातही अशी बिऱ्हाडे करता येतात. खरा संगणक हा यजमान. त्याच्या प्रोसेसरचा वेळ, स्मृती आणि डिस्क यांचे वाटे पाडून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला हायपरव्हायझर म्हणतात. प्रत्येक वाट्यावर एकेक पाहुणा संगणक चालतो. यालाच व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी यंत्र म्हणतात. पाहुण्याची कार्यप्रणाली वेगळी असते, फायली वेगळ्या असतात. आपण दुसऱ्याच्या पोटात आहोत याची जाणीव त्याला सहसा असावी लागत नाही.

ही कल्पना नवी नाही. पिनकोड सुरू झाला त्याच महिन्यात, २ ऑगस्ट १९७२ रोजी, आयबीएम कंपनीने व्हीएम-३७० ही प्रणाली जाहीर केली. एका मोठ्या संगणकावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखे काम तिच्यामुळे करता येई. आज हेच काम व्हर्च्युअलबॉक्ससारखे विनामूल्य प्रोग्राम साध्या संगणकावर करतात.

आभासी कार्ड आणि आभासी स्विच

खऱ्या संगणकाला नेटवर्कमध्ये जोडायचे तर तीन वस्तू हव्यात : संगणकातले नेटवर्क कार्ड, तार, आणि सगळ्या तारा जिथे येतात तो स्विच. पाहुण्या संगणकासाठी या तिन्ही वस्तू प्रोग्रामच निर्माण करतो.

प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्याचा पहिला अर्धा भाग सामान्यतः बनवणाऱ्याची खूण असतो. आभासी कार्डालाही अशी खूण असते. व्हर्च्युअलबॉक्स जे कार्ड देते त्याच्या मॅक पत्त्याची सुरुवात ०८:००:२७ अशी होते.

स्विचचे काम मोठे चलाखीचे आहे. एखाद्या तारेवरून निरोप आला की स्विच पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता टिपून ठेवतो : अमुक पत्ता अमुक तारेवर. पुढे त्या पत्त्यासाठी निरोप आला तर तो फक्त त्याच तारेवर सोडतो. पत्ता माहीत नसेल तर निरोप बाकीच्या सर्व तारांवर सोडून देतो. आभासी स्विचही नेमके हेच करतो. मात्र त्याची तार आणि वही दोन्ही यजमानाच्या स्मृतीत असतात.

यावरून एक खबरदारी ध्यानात येईल. तयार पाहुण्याची नक्कल करून दुसरा पाहुणा केला आणि मॅक पत्ताही तोच राहू दिला, तर स्विचच्या वहीत एकाच नावापुढे कधी ही तार, कधी ती तार लिहिली जाते आणि निरोप भलतीकडे जातात. म्हणून नक्कल करताना नवा मॅक पत्ता द्यावा.

आयपी पत्ता आणि मास्क

मॅक पत्ता झाला कार्डाचा. संगणकाला आणखी एक पत्ता द्यावा लागतो, तो आयपी पत्ता. १९२.१६८.५०.११ असे त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधली संख्या असते. पिनकोडमध्ये गटाचे अंक तीनच, हे ठरलेले आहे. आयपी पत्त्यात मात्र गटाचा भाग किती लांब, ते आपण सांगावे लागते. ते सांगणारा आकडा म्हणजे सबनेट मास्क. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन भाग गटाचे आणि शेवटचा भाग त्या संगणकाचा. २५५.२५५.०.० असेल तर पहिले दोनच भाग गटाचे.

संगणक निरोप पाठवण्यापूर्वी मास्क लावून पाहतो. समोरचा आपल्याच गटातला असेल तर तो नेटवर्कवर हाक मारतो, "हा आयपी पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो आणि निरोप थेट जातो. गट वेगळा असेल तर निरोप गेटवेकडे, म्हणजे गटाबाहेर नेणाऱ्या यंत्राकडे, सोपवला जातो. गेटवेच सांगितलेला नसेल तर निरोप निघतच नाही.

जोडणीचे चार प्रकार

पाहुण्याचे आभासी कार्ड कशाला जोडायचे, ते प्रोग्राममध्ये निवडावे लागते. मुख्य प्रकार चार.

१. अंतर्गत जोडणी : पाहुणे फक्त एकमेकांशी बोलतात. यजमानाशीही नाही.

२. यजमानापुरती जोडणी : पाहुणे आणि यजमान बोलतात, पण बाहेर जाता येत नाही.

३. नॅट : पाहुणा बाहेर जातो, पण यजमानाच्या नावाने. मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या कोकणी माणसाची पत्रे 'द्वारा अमुक' अशी दुसऱ्याच्या पत्त्यावर येत, तसाच हा प्रकार. बाहेरच्याला यजमानाचाच पत्ता दिसतो.

४. ब्रिज : पाहुणा खऱ्या नेटवर्कवर स्वतःच्या नावाने उभा राहतो, जणू शाळेत आणखी एक संगणक विकत आणला.

यांतला चौथा प्रकार जपून वापरावा. तसे का, ते पाहू. संगणकांना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला डीएचसीपी म्हणतात. समजा, एका विद्यार्थ्याने शिकण्यासाठी पाहुण्यावर ही सेवा सुरू केली आणि जोडणी ब्रिज ठेवली. शाळेच्या कार्यालयातला संगणक सकाळी सुरू होताच पत्ता मागतो. खऱ्या सेवेच्या आधी पाहुण्याने उत्तर दिले, तर कार्यालयाला भलत्याच गटातला पत्ता मिळतो. नेमका तो दहावीचे अर्ज ऑनलाइन भरण्याचा शेवटचा दिवस असला तर? तारा शाबूत, स्विचचे दिवे लागलेले, आणि तरीही काही चालत नाही! हाच प्रयोग अंतर्गत जोडणीत केला असता तर बाहेर कोणालाही त्रास झाला नसता. म्हणून नियम असा : शिकताना अंतर्गत, इंटरनेट हवे असेल तर नॅट, आणि ब्रिज फक्त शिक्षकांना विचारून.

करून पाहा

८ जीबी स्मृती असलेला संगणक पुरे. त्यावर लिनक्सचे दोन पाहुणे तयार करा. प्रत्येकाला १ जीबी स्मृती द्या. दोघांची जोडणी अंतर्गत ठेवा आणि अंतर्गत नेटवर्कचे नाव दोन्हीकडे तेच लिहा. नाव वेगळे झाले तर स्विचही वेगळा होतो. येथे पत्ते वाटणारे कोणी नाही, म्हणून ते हाताने भरा. टाइप करताना इंग्रजी अंक वापरा.

पहिली पायरी : पहिल्याला १९२.१६८.५०.११ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.१२ द्या. मास्क दोघांचा २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा ठेवा. आता पहिल्यावरून दुसऱ्याला 'पिंग' करा, म्हणजे उत्तर मागणारा छोटा निरोप पाठवा. उत्तर येईल.

दुसरी पायरी : दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.६०.१२ करा. बाकी काही बदलू नका. पिंग करा. उत्तर येणार नाही. तार तीच, स्विच तोच, पेटीही तीच. मग काय बदलले? गट बदलला. पहिल्याच्या दृष्टीने दुसरा आता परगावचा झाला, आणि परगावी नेणारा गेटवे तर नाही.

तिसरी पायरी : दोघांचाही मास्क २५५.२५५.०.० करा. पुन्हा पिंग करा. उत्तर येऊ लागेल, कारण आता गट फक्त १९२.१६८ एवढ्यावर ठरतो.

खऱ्या नेटवर्कमध्ये बिघाड झाला की पुष्कळ जण आधी तार बदलतात. दुसऱ्या पायरीतला बिघाड दहा तारा बदलूनही दुरुस्त झाला नसता. म्हणून तारेबरोबर आयपी पत्ता, मास्क आणि गेटवे हे तीन आकडेही वाचण्याची सवय लावून घ्या.

मोठ्या प्रमाणावर

मोठ्या डेटा सेंटरमध्ये हजारो पाहुणे हजारो यजमानांवर चालतात. शेजारच्या दोन पाहुण्यांत एक बँकेचा आणि दुसरा दुकानाचा असू शकतो. त्यांना वेगळे ठेवण्यासाठी स्विच प्रत्येक निरोपावर गटाचा शिक्का मारतात. व्हीलॅन या पद्धतीत शिक्का १२ बिटांचा असतो आणि त्यातून वापरण्याजोगे ४०९४ गट मिळतात. तेवढे अपुरे पडू लागल्यावर व्हीएक्सलॅन ही २४ बिटांची पद्धत आली. तिच्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक गट मावतात. शिक्का सारखा असेल तर वेगवेगळ्या इमारतींतले पाहुणेही एका गटात येतात, अगदी सातारा आणि रत्नागिरीसारखे.

विचार करा

१. तिसऱ्या पायरीत एकाच पाहुण्याचा मास्क बदलला तर पिंगला उत्तर का येत नाही?

२. ४०९४ ही संख्या २ च्या कोणत्या घाताजवळ आहे? दोन क्रमांक कमी का असावेत?

३. दोन वेगळ्या गटांतल्या पाहुण्यांना जोडण्यासाठी तिसरा पाहुणा गेटवे म्हणून ठेवायचा आहे. त्याला किती आभासी कार्डे लागतील, आणि प्रत्येक कार्डाला कोणत्या गटातला आयपी पत्ता द्याल?