उपघटक ३ : स्मरण आणि विवेक

विचारांसाठी मारल्या गेलेल्यांचे स्मरण कसे करावे, हे या उपघटकात पाहू.

'साधना' साप्ताहिकाचे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर कॉ. गोविंद पानसरे चार दिवसांनी निधन पावले. दोन्ही प्रकरणांत कट्टर उजव्या विचारांच्या व्यक्तींवर आरोप ठेवले गेले. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. दाभोलकरांनी मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतरच, डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाला.

नक्षलवादी हिंसा जवळून पाहिलेल्या दरेकसा परिसरातील विद्यार्थ्यांना हे दूरचे वाटू नये. हिंसा उजवी असो वा डावी, ती मतभेदाची जागाच नष्ट करते. म्हणून प्रतिमेस हार घालणे पुरेसे नाही. मतभेदाची जागा गावात जपणे हेच खरे स्मरण होय.

उपक्रम : पानसरे यांचे 'शिवाजी कोण होता?' हे पुस्तक गावात सामूहिकपणे वाचा. त्याच्याशी असहमत असणाऱ्यांचे म्हणणेही त्यांच्याच शब्दांत नोंदवा.