सपाट फरशीवर पाय अडतात, जिन्यावर का नाही?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. स्वयंपाकघराच्या दारात आले की त्यांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. पुढे सरकतच नाहीत. पण गच्चीचा जिना मात्र कठडा धरून सरळ चढून जातात. आई म्हणते, "मनात आणलं की सगळं जमतं यांना." यावरून घरात रोज वादावादी होते. खरंच हे मनावर असतं का?
– एक मुलगी, कराड

उत्तर : नाही ताई, अजिबात मनावर नसतं. पण आईंनाही दोष देऊ नका. जो माणूस जिना चढतो त्याला उंबरठा ओलांडता येत नाही, हे पाहणाऱ्याला पटणं खरोखरच कठीण आहे.

आपण चालतो तेव्हा पावलांचा विचार करत नाही. गप्पा मारत, पिशवी सांभाळत चालतो. अशा अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूच्या तळाशी असलेली एक यंत्रणा सांभाळते आणि तिला डोपामाइन हे रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. सपाट फरशीवर पावलाला कसलीच खूण मिळत नाही, ते आतूनच निघावं लागतं, आणि नेमकं तिथंच घोडं अडतं. दारात, वळताना, गर्दीत, बेल वाजल्यावर घाईनं उठताना जास्तच. जिन्यावर मात्र प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते. बघून, ठरवून टाकलेलं पाऊल मेंदूतल्या वेगळ्या वाटेनं येतं आणि ती वाट बरीचशी शाबूत असते.

मिलेहा सोनेजी या डिझायनरनं पुण्यात आपल्या घरातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाच्या बाबतीत हे हेरलं. सपाट जमिनीवर त्यांना वॉकर लागायचा, जिना मात्र सहज जमायचा. तिनं जमिनीवर पायऱ्यांचं नुसतं चित्र अंथरलं, आणि त्यावरून ते चालत गेले! ही गोष्ट तिनं २०१५च्या एका टेड भाषणात सांगितली आहे.

तुम्हाला चित्राचीही गरज नाही. फरशीच्या रंगावर उठून दिसेल अशी चिकटपट्टी आणा आणि दारात, बाथरूमच्या वाटेवर, एकेका पावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या मारा. "पट्टी ओलांडा" एवढंच सांगा. बाहेर कुठे अडले तर त्यांच्या पावलापुढे तुमचं पाऊल आडवं ठेवा, ते ओलांडून निघतील. "एक-दोन, एक-दोन" असा ठेका धरला तरी पुष्कळदा पाय सुटतो. मात्र हात धरून ओढू नका. पाय जागच्या जागी आणि अंग पुढे, असं झालं की माणूस तोंडावर पडतो. आणि जिना चढतात म्हणून त्यांना तिथं एकटं सोडू नका, तोल केव्हाही जाऊ शकतो.

आता वादावादीबद्दल. या आजाराची लक्षणं स्वभावासारखी दिसतात. कुटुंबाला सगळ्यात जास्त छळतं ते हेच, असं माझं मत आहे. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, तर लोक म्हणतात माणूस तुसडा झाला. आवाज खोल जातो, तर म्हणतात मुद्दाम पुटपुटतो. त्याला स्वतःला मात्र आपण नीट बोलतोय असंच वाटत असतं.

माझ्या मोठ्या काकूला हा आजार होता. नातू दहावीचा निकाल घेऊन आला तेव्हा तिचा चेहरा कोराच राहिला. पोरगं हिरमुसून निघून गेलं. अर्ध्या तासानं काकूनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि पदराची गाठ पुढे केली. आत त्याच्यासाठी घडी करून ठेवलेली पाचशेची नोट होती. इतका वेळ ती ती गाठ सोडवत बसली होती. बोटं ऐकत नव्हती.

शिवाय गोळीचा अंमल कमी-जास्त होतो. सकाळी नऊला शर्टाची बटणं लावणारा माणूस अकरा वाजता कप उचलू शकत नाही, म्हणून घरच्यांना ढोंगाचा संशय येतो. एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि अडण्याची वेळ आठवडाभर लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. लेव्होडोपाची गोळी चालू असेल तर डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येऊ शकतात. म्हणून डाळ बंद करायची नसते. गोळी जेवणाच्या किती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारायचं. मनानं गोळी बंद तर कधीच करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

तुमच्या पत्रात आईंच्या झोपेबद्दल एक अक्षर नाही. पार्किन्सन्सच्या माणसाला रात्री कुशीवर वळणंसुद्धा जड जातं. तेव्हा उठतं कोण? "मनात आणलं की जमतं" या वाक्यामागे मला वर्षानुवर्षांचं जागरण ऐकू येतं. आठवड्यातल्या दोन दुपारी तुम्ही किंवा भावंडांनी बाबांजवळ बसा आणि आईंना घराबाहेर पाठवा, मग त्या देवळात जावोत की मैत्रिणीकडे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. सांभाळणाऱ्याला तिथं स्वतःचं नाव आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. जमलं तर दोघांनाही एकदा त्यांच्या सभेला न्या.

आणि त्या पट्ट्या तुम्ही एकट्यानं चिकटवू नका. कात्री आईंच्या हातात द्या. बाबांचं पाऊल नेमकं किती पडतं, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.