पानिपत टेबलावर मांडण्याआधी

गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं, कापडी बांधणी आणि वर ‘प्रकाशनपूर्व सवलत’. एवढं एकत्र दिसलं की खिशावर हात ठेवा. मराठ्यांच्या सेनेवरचा असाच एक ग्रंथ माझ्या गळ्यात मारला गेला. मारणारे गृहस्थ आमच्या काळेवाडीतलेच, तापकीर चौकातल्या टपरीवर तासन्‌तास लढाया सांगणारे. मी स्पष्ट विचारलं होतं, “सर, मला पानिपत खेळायचंय. कुणाची किती पथकं, कोण कुठे उभं होतं, हे यात आहे ना?”

“सगळं आहे. दुसरं पुस्तक लागायचंच नाही.” त्यांचेच शब्द. चहावाला साक्षीला आहे.

त्या भरवशावर दुसरी पाळी संपवून रात्र-रात्र मावळ्यांचे चिमुकले पुतळे रंगवले. ग्रंथातल्या तक्त्याबरहुकूम २५ बारगिरांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी, अशी भाऊसाहेबांची फौज उभी केली. अंगरखे सगळ्यांचे भगवे, कारण चित्रांत तसेच.

खेळाच्या दिवशी अब्दालीच्या बाजूने बसलेल्या काकांनी शांतपणे विचारलं, “हा तक्ता सभासदाचा ना? मग इथे कसा?”

बखरकार सभासदाने जिंजीला लिहिलं ते शिवाजी महाराजांच्या पागेबद्दल. १७६१ ला पानिपतावर होती ती हुजुरात, सरदारांची आपापली पथकं आणि इब्राहिमखानाचे कवायती गारदी. मधे जवळजवळ शंभर वर्षं गेलेली! गारद्यांना या जाडजूड ग्रंथात एक परिच्छेद. मी तिथल्या तिथे भाऊंच्या तोफांच्या आकड्याची तळटीप काढली. आधार म्हणून चक्क एका कादंबरीचं नाव. पुढची तळटीप पाहिली, पुन्हा तीच कादंबरी. मंडळी हसली, आणि ग्रंथकर्त्याला सोडून मलाच हसली. ते अजून सलतं.

गृहस्थांना फोन केला. आधी म्हणाले, “चित्रं प्रेरणादायी आहेत की नाही?” मग म्हणाले, “तुम्ही खेळणी खेळता, आम्ही इतिहास जपतो.” पैशांचा विषय निघाला तसं फोन उचलणंच बंद. हल्ली चहालाही दुसरीकडे जातात म्हणे.

असो. तुम्ही फसू नका म्हणून सांगतो.

आधी साल ठरवा, मग पुस्तक. शिवकाळ खेळायचा तर सभासद बखर आणि सुरेंद्रनाथ सेन यांचं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचं १९२८ चं इंग्रजी पुस्तक. पानिपत खेळायचं तर शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक. गोलाची, म्हणजे चौफेर फळी धरून पुढे सरकायची, लढाई का फसली, विंचूरकर आणि गायकवाडांची पथकं फळी सोडून पुढे गेल्यावर काय झालं, हे तिथे नीट कळतं आणि त्यावरून खेळाचा नियम बसवता येतो. पानिपताची हकीकत लिहिणारा काशीराज हा नवाब शुजाच्या पदरी, म्हणजे पलीकडच्या गोटातला. अब्दालीची रांग लावायला तो उपयोगी. मराठ्यांच्या गोटातल्या गोष्टी मात्र त्याच्याकडून जपूनच घ्या. भाऊसाहेबांची बखर भाषेसाठी वाचा, आकडे तिथून उचलू नका. मोगली फौजेसाठी विल्यम अर्विनचं १९०३ चं पुस्तक. रंगांसाठी ऑस्प्रेची सडपातळ पुस्तकं बरी, कारण चित्रातली कोणती गोष्ट कशावरून घेतली हे बऱ्याचदा मागे सांगितलेलं असतं.

दुकानात पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बघत बसू नका, शेवटची सूची उघडा. पानिपतासाठी दोन शब्द शोधा: गारदी आणि जंबुरके. उंटांवरच्या त्या हलक्या तोफांना जागा नसेल तर पुस्तक परत ठेवा. मग आधारांची यादी बघा. त्यात कादंबऱ्या आणि मालिका निघाल्या तर विकणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा.

रोमन सैन्य घेऊन खेळणाऱ्यांनाही हेच लागू. आमच्यातल्या एकाने चकचकीत चित्रं पाहून हॅनिबलसमोरच्या रोमनांना पोलादी पट्ट्यांचं चिलखत घातलं. ते प्रचारात यायला अजून दोनेकशे वर्षं होती.

बाकी नेहमीचंच. वाचन वाढवा, घाई करू नका, जमल्यास आधी ग्रंथालयात चाळा. आणि टपरीवर कुणी कितीही रंगवून लढाई सांगितली तरी त्याच्याकडून पुस्तक घेऊ नका. घेतलंच, तर पावती मागा. मला दिली नव्हती.